पेटी आणि पसारा

(लहान घरात कोणती वस्तू ठेवावी, कोणती काढावी आणि ठेवलेली वस्तू कशी सांभाळावी, याचा विचार या पाठात केला आहे. उदाहरणे भंडारा जिल्ह्यातील घरांची आहेत.)

'पसारा' हा शब्द तुम्ही वर्गात आणि बाजारात ऐकला असेल. उर्दूत आपण हात 'पसारणे' म्हणतो, त्यावरून त्याचा अर्थ लगेच कळेल. मराठीत याच्या शेजारचा दुसरा शब्द आहे 'अडगळ'. हे दोन शब्द एक नाहीत. वस्तू कामाची आहे पण जागेवर नाही, तो पसारा. वस्तू जागा धरून बसली आहे पण कामाची नाही, ती अडगळ. पसारा तासाभरात आवरता येतो. अडगळ काढायला मात्र घरातील सर्वांना एकत्र बसावे लागते, कारण एकाची अडगळ ही दुसऱ्याची आठवण असते.

आपल्या जिल्ह्यातील जुनी मातीची घरे पाहा. वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि हातभर जाडीच्या भिंती. त्या भिंतींतच सामान ठेवण्याची सोय होती. भिंतीत कोनाडे असत. कोनाड्याला आपण घरी 'ताक' म्हणतो. पण मराठी माणसाच्या घरी जाऊन "चिमणी ताकात ठेवा" असे म्हणू नका बरे! मराठीत ताक म्हणजे छाछ. कोनाड्याशिवाय लाकडी खुंट्या होत्या, आढ्याला टांगलेले शिंके होते. स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असे. सर्वांत खाली मोठे मडके, त्यावर त्याहून लहान, अशी ती रचलेली असे. दहा मडक्यांना एका मडक्याची जागा पुरे. वर्षाचे धान बांबूच्या कणगीत राही. कणगीला आमच्याकडे ढोलीही म्हणतात. क्वचित लागणारे सामान माळ्यावर जाई. म्हणजे घर लहान असले तरी चालण्याबसण्याची जमीन मोकळी राहत असे.

आता बहुतेक घरे विटा-सिमेंटची झाली. भिंती पातळ झाल्या, कोनाडे गेले. खिडकीवर एखादा सज्जा असतो, तोही लवकरच भरून जातो. मग सामान जमिनीवर येते. त्यात आपल्याकडे घर हे पुष्कळदा कामाचेही ठिकाण असते. मोहाडी आणि आंधळगाव येथे कोसा विणणाऱ्यांची घरे आहेत. तेथे आधी मागाला जागा मिळते आणि उरलेल्या जागेत कुटुंब राहते. बिड्या वळणाऱ्या घरात तेंदूची भिजवलेली पाने ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेली असतात, शेजारी तंबाखू असते. अशा घरातील आईला "सामान कमी करा" असे सांगणे सोपे नाही. तिच्या सामानावरच घर चालते. तिला एवढेच सांगावेसे वाटते, की तंबाखू झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तो डबा मुलांच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवू नका.

कूलरची गोष्ट तर विचारू नका. विदर्भात त्याच्याशिवाय मे महिना निघत नाही. पण पावसाळा लागला की तोच पत्र्याचा मोठा पेटारा सात-आठ महिने कोपरा अडवून उभा राहतो. काही घरांत त्याच्या पोटात रजया भरून ठेवतात. युक्ती चांगली आहे. मात्र आधीचे गवत काढून टाकावे, टाकी पूर्ण कोरडी करावी आणि उंदीर शिरू शकतील अशा फटी बंद कराव्यात. नाही तर हिवाळ्यात रजई बाहेर काढताच तिच्यातून उंदराची पिले निघतात.

आता पितळेकडे वळू. भंडारा हे शहर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. आपल्या आजीच्या काळी पाण्याचे गुंड, गंज, परात, पानदान सारे पितळेचे किंवा तांब्याचे होते. वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला दारात येई आणि भांडी आतून चांदीसारखी चमकत. पुढे स्टील आले. ते हलके, घासायला सोपे आणि त्याला कल्हई नको. पितळेची भांडी माळ्यावर गेली ती तिथेच राहिली. ही भांडी मोडीत द्यावीत का? मोडीत देणे म्हणजे जुने भांडे वजनावर विकणे. माझे मत विचाराल तर माळ्यावर वर्षानुवर्षे उपडे पडलेले भांडे कुणाच्याच उपयोगाचे नसते. दादीच्या जहेजातील एक पानदान किंवा एक तांब्या काढून घ्यावा, घासावा आणि रोज दिसेल असा ठेवावा. बाकीच्यांबद्दल दादीलाच विचारावे. तिला न विचारता एक वाटीही विकू नये. भांडी तिची आहेत.

कोणती वस्तू ठेवावी, हे ठरवताना लोक बहुधा तिची किंमत पाहतात. मी मुलांना दुसरा प्रश्न विचारायला सांगतो : ही वस्तू गेली तर पुन्हा मिळेल का? प्लास्टिकची बादली पुन्हा मिळेल. तुटलेल्या खुर्चीपेक्षा चांगली खुर्ची मिळेल. रिकाम्या बाटल्या, बंद पडलेले घड्याळ, एकाच पायातला बूट यांना तर कुणी शोधतही नाही. पण काही वस्तू अशा असतात की बाजारात त्यांना एक रुपयाही मिळणार नाही, आणि तरीही त्या लाख रुपये देऊन परत आणता येत नाहीत.

आमच्या शाळेतील एका मुलीचे उदाहरण सांगतो. दहावीनंतर तिला इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला हवा होता. महाराष्ट्रात या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. म्हणजे मुलीचा स्वतःचा कागद पुरत नाही. वडिलांचा, आजोबांचा कागद लागतो. तिच्या घरी जेवढे कागद होते त्यांत जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' असे लिहिलेले होते. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची हीच अडचण आहे. जुन्या काळी नाव घालताना बिरादरी कुणी सांगितली नाही आणि गुरुजींनीही विचारली नाही.

मुलीचे दादा रजया भरण्याचे काम करीत. ते चौथीपर्यंत शिकले होते एवढे दादीला आठवत होते. पलंगाखाली दादीची पत्र्याची पेटी होती. "हा डबा भंगारात द्या," असे घरात दोन ईदी चालले होते, पण दादीने तो हलू दिला नव्हता. पेटी उघडली. वर लुगड्यासारखा जुना दुपट्टा, त्याखाली निकाहनामा, एक दवाखान्याची चिठ्ठी, आणि एका रुमालात बांधलेला, घडीवर फाटलेला शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर शाईने 'पिंजारी' असे लिहिले होते. त्या दाखल्यावरून शाळेचे नाव आणि साल कळले. मग शाळेच्या जुन्या नोंदवहीतून तीच नोंद साक्षांकित करून मिळाली. दादीला वाचता येत नव्हते. तरीही नेमका तोच कागद तिने कसा जपला, असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, ते त्यांच्या हातचे बांधलेले होते, म्हणून मी सोडले नाही."

कागद रुमालात बांधून ठेवण्याची ही रीत फार जुनी आहे. पुण्याला पेशवे दप्तर आहे. मराठ्यांच्या राज्यकारभाराचे मोडी लिपीतील कागद तेथे कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ४५ खंडांत छापून काढले. कोणी कोणाला किती पैसे दिले, कोठे किती धान्य गेले, अशा साध्या हिशेबांवरून आज आपल्याला इतिहास कळतो. तुम्हांला 'दप्तर' आणि 'बस्ता' या दोन शब्दांची गंमत सांगतो. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी आणि बस्ता म्हणजे पुस्तकांची पिशवी. मराठीत मुले खांद्यावर दप्तर घेतात, आणि 'बस्ता' म्हणजे लग्नासाठी खरेदी केलेले कपडे. दोन्ही शब्द फारसीतून आले. बस्ता म्हणजे बांधलेले. पूर्वी जे जपायचे ते बांधून ठेवीत, मग ते कागद असोत की शालू.

पण नुसते बांधून भागत नाही. ते कोठे ठेवले हेही महत्त्वाचे आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्यप्रदेशात मोठा पाऊस झाला आणि तेथील धरणांचे पाणी वैनगंगेत आले. गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. कोरोनामुळे त्या वेळी शाळा बंद होत्या. शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात विचारले, "घरात पाणी आले तेव्हा तुम्ही आधी काय उचलले?" कुणी गॅसची टाकी म्हणाले, कुणी शेळी. एका मुलीच्या आईने शिलाई मशीन टेबलावर चढवले होते, ते मला फार आवडले. एक मुलगा खाली पाहून म्हणाला, "सर, आम्ही कूलर पलंगावर ठेवला. कागदांची पेटी पलंगाखालीच राहिली."

त्याच्या घरच्यांना दोष देता येणार नाही. रात्री पाणी चढत असताना माणूस मोठी वस्तू आधी उचलतो. म्हणून हा विचार उन्हाळ्यातच करून ठेवावा लागतो. आधार कार्ड पुन्हा मिळते. शिधापत्रिका आणि शाळेचा दाखला दुय्यम मिळतो, हेलपाटे मात्र पडतात. पुरानंतर पंचनामा झाला की मदतीसाठी बँकेचे पासबुक लागते, तेव्हा तेही हाताशी हवे. या सर्व कागदांची एकच पेटी असावी. ती एका माणसाला एका हाताने उचलता येईल इतकी लहान असावी आणि पलंगाखाली नव्हे, तर सज्जावर किंवा उंच फळीवर असावी. ती कोठे आहे हे घरातील सर्वांत लहान मुलालाही माहीत असावे.

पेटी बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि ओलीमागे वाळवी येते. पेटीत कडुनिंबाचा सुकलेला पाला टाकतात; तो खरोखर सुकलेला हवा, नाही तर तोच ओल आणतो. पॉलिथीनची पिशवी पाण्यापासून वाचवते, पण दमट कागद तिच्यात बंद केला तर त्याला बुरशी लागते. म्हणून आधी कागद कोरडा करावा, कापडात गुंडाळावा आणि मग पिशवीत घालावा. जुन्या दाखल्याला प्लास्टिकचे आवरण चिकटवून घेण्याची घाई करू नका. त्या उष्णतेने जुना कागद बिघडू शकतो आणि एकदा चिकटलेले आवरण निघत नाही. मोबाइलवर फोटो जरूर काढून ठेवा, पण मूळ कागद टाकू नका. कचेरीत मूळच मागतात.

आणि कागद भिजलाच तर? तो पुसू नका, चोळू नका. फाउंटन पेनची शाई ओली असताना बोट लागले की पसरते. एकमेकांना चिकटलेले कागद ओढून वेगळे करू नका. थोडे वाळू द्या, मग कडेने हळूच सोडवा. कडक उन्हात ठेवले तर ते वाकडे होतात. सावलीत, स्वच्छ सुती कापडावर, पंख्याच्या दूरच्या वाऱ्यात पसरावेत. त्या मुलाच्या आईने चार दिवस असेच कागद वाळवले. तीन कागद वाचले. एका कागदावर निळा डाग तेवढा राहिला, पण तोही तिने पेटीत ठेवला आहे.

शब्दार्थ

अडगळ – कबाड, निकामी सामान
कोनाडा – ताक, भिंतीतील खोलगट जागा
उतरंड – एकावर एक रचलेली मडकी
सखल – नशेबी, खोलगट भागातील
वाळवी – दीमक
बुरशी – फफूंद
हेलपाटा – एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा घातलेला फेरा

स्वाध्याय

१. पसारा आणि अडगळ यांतील फरक तुमच्या घरातील एकेक वस्तू सांगून स्पष्ट करा.
२. दादीने तो दाखला का जपला? तिच्या उत्तराबद्दल तुम्हांला काय वाटते?
३. शिलाई मशीन आधी उचलले हे लेखकाला का आवडले असावे?
४. घरातील वडीलधाऱ्यांसमोर बसून, त्यांच्या परवानगीने, जुनी पेटी उघडा. तिच्यातील कोणत्याही एका वस्तूची हकीकत त्यांना विचारा आणि दहा ओळींत मराठीत लिहा.