भाचेराव, आधी वही आणा

गॅरेजचं शटर रंगवून झालं म्हणे, आणि आता गाड्यांच्या इंधनाची तपासणी करायची यंत्रं घ्यायला पुण्याला निघालायस. जा की! पण एवढं वाचून जा. यातल्या बहुतेक ओळींमागं माझ्या खिशातल्या नोटा गेल्यात.

१. आधी महिनाभर वहीत लिही, दारात कुठल्या गाड्या येतात – पेट्रोल, डिझेल, सीएनजी, मोटरसायकली, सगळं वेगळं. मी मोटारींचा भारी स्कॅनर घेऊन आलो तेव्हा दारात डिझेलचे टेम्पो उभे होते. जेवायला कोण येणार ते ठाऊक नाही आणि पातेलं मात्र लग्नाचं, अशी गत.

२. पहिला पैसा साध्या प्रेशर गेजवर घाल – पेट्रोलच्या बहुतेक गाड्या ३ ते ४ बारवर चालतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांत हा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. मग स्कॅनर बिचारा सांगणार कुठून?

३. या कामाला गेज १० बारचं पुरे. २५ बारचं रुबाबदार दिसतं, त्याला भुलू नकोस – काट्याची चूक पूर्ण डायलवर धरतात. डायलवर १.६ चा वर्ग छापला असेल तर १० च्या गेजात ०.१६ बार इकडेतिकडे चालतं, २५ च्यात ०.४. तीन बार मोजणाऱ्याला एवढा फरक म्हणजे अंधारच. आमच्यात एक म्हण आहे (आमच्यात म्हणजे माझ्यातच): खोटा काटा, मिस्त्रीला घाटा.

४. दुकानातच कॉम्प्रेसरच्या हवेवर गेज ३ बारला भर, नळी बंद कर आणि दहा मिनिटं चहा पी – इंजिन बंद केल्यावर दाब टिकतो का, हे याच गेजवर बघायचंय. गेजच गळकं निघालं तर चांगल्या पंपावर आळ येतो.

५. पेटी उघडून जोडण्या मोज आणि तुझ्या वहीतल्या गाड्यांशी ताडून बघ – गेज एकच लागतं, पण प्रत्येक गाडीच्या पाइपाचं तोंड वेगळं.

६. नळी आणि ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का, हे विचार. व्हायटन म्हटलं की दुकानदाराला कळतं – आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात हलकं रबर फुगतं. काम झालं की नळी रिकामी करून ठेव.

७. हे मात्र दोनदा वाच. कॉमन रेल डिझेलच्या रेलवर काट्याचं गेज कधीही लावायचं नाही – आयडलला तिथे साधारण ३०० बार असतात, रेस केली की हजाराच्या पुढे. तो दाब स्कॅनरवरच वाचायचा. गेज फक्त फिल्टरच्या बाजूच्या कमी दाबाला. गळती शोधायला हात फिरवू नकोस, लांब काठीला पुठ्ठा बांधून धर. बारीक धार कातडीतून आत गेली तर वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आतलं मांस सडतं; दुखत नसलं तरी त्याच घटकेला दवाखाना गाठायचा.

८. नोजलच्या रिटर्नला लावायच्या मापाच्या बाटल्यांचा सेट घेच – चार नोजलांत एकाचीच बाटली भराभर भरली की चोर सापडला. नोजल न खोलता एवढी पक्की खूण देणारं दुसरं स्वस्त सामान मला तरी दिसलेलं नाही.

९. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी ॲम्पिअर मोजतो ना, ते बघ – स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात, ते घरच्या वायरमनला दे. आणि साधा मल्टिमीटर हवाच. एकदा प्रेशर कमी दिसलं म्हणून मी नवा पंप टाकला, गाडी जशीच्या तशी! टाकीजवळची अर्थिंगची वायर गंजली होती. पंप चालू ठेवून त्याची अर्थिंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत व्होल्ट बघितले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. नव्या पंपाचे पैसे कुणी दिले, ते तुझ्या मामीला विचारू नकोस.

१०. स्कॅनर घेताना लाइव्ह डेटा चालवून बघ, अपडेटला दर वर्षी किती मोजायचे तेही विचार – कोड म्हणजे चावडीवरची चुगली. ऐकायची, पण पंचनाम्याशिवाय कुणाला धरायचं नाही. पी ०१७१ म्हणतो मिश्रणात पेट्रोल कमी; पंप थकलेला असेल, किंवा फाटक्या पाइपातून हवा शिरत असेल.

११. मोटरसायकली जास्त असतील तर त्यांचं कनेक्टर वेगळं माग – २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर जवळजवळ गेले. मोटारीचा सॉकेट १६ पिनांचा, नव्या मोटरसायकलींत बऱ्याचदा ६ पिनांचा.

१२. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकतात तिथून १०० मिलीचं काचेचं मापपात्र आण – ८० मिली पेट्रोलात २० मिली पाणी घालून हलव, ठेवून दे. इथेनॉल खाली पाण्यात उतरतं. खालचा थर ३६ च्या आसपास आला तर २० टक्के आहे. त्याच्या बराच वर गेला तर टाकीत आधीच पाणी शिरलं असेल, तिकडे बघ.

१३. यंत्र आलं की पहिले पंधरा दिवस धडधाकट गाड्यांवर लाव आणि आकडे त्याच वहीत उतरव – तब्येतीची गाडी कशी दिसते ते ठाऊक नसेल तर आजारी गाडी ओळखायची कशी?

१४. जोडणी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू दे, आणि अग्निशामक हाताशी ठेव – मिशा मी एकदाच जाळल्यात.

बाटल्यांचा माझा जुना सेट माळ्यावर आहे, गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा. तिसऱ्या बाटलीची नळी उंदरानं कुरतडलीय, तेवढी बदलून घे.