स्नॅपशॉटचा सातबारा

चि. छोटूस,


काल फोनवर अगदी रडकुंडीला आला होतास. 100 जीबीची जुनी डंप फाईल उडवली, तरी सर्व्हरवर जागा काही सुटेना. डिस्क बिघडलेली नाही. तुमच्या झेडएफएस फाईलसिस्टिमवर रोज रात्री स्नॅपशॉट निघतो आणि ती फाईल त्या स्नॅपशॉटांनी धरून ठेवली आहे.

स्नॅपशॉट म्हणजे झेरॉक्स नव्हे. काढतो त्या क्षणी तो जवळपास काहीच जागा खात नाही. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर गिरवत नाही, बदललेलं नव्या जागी लिहितं. जुना ब्लॉक एखाद्या स्नॅपशॉटच्या नावावर असेल तर तो राहतोच. म्हणजे जागा जाते ती तू नंतर जे बदलतोस, पुसतोस त्यापायी. डेटाबेस यात सर्वांत उधळा. रेकॉर्ड, म्हणजे फाईलचा एक ब्लॉक, 128 केबीचा असेल आणि त्यातले 8 केबी बदलले, तरी अख्खा रेकॉर्ड नव्याने लिहिला जातो आणि जुना स्नॅपशॉटकडे अडकतो.

आता तू फसलास ते ठिकाण. प्रत्येक स्नॅपशॉटसमोर ‘यूज्ड’ जवळजवळ शून्य दिसतं, म्हणून त्यांच्यावर तुझा संशयच गेला नाही. गावच्या सामायिक जमिनीचा सातबारा आठव. चार भावांची नावं असली तर एकाने हक्क सोडला म्हणून जमीन मोकळी होते का? ‘यूज्ड’मध्ये फक्त त्या एकट्या स्नॅपशॉटच्या नावावरचे ब्लॉक धरतात. तुझी फाईल सोमवार ते गुरुवार चारही स्नॅपशॉटमध्ये आहे, म्हणून ती कोणाच्याच खात्यात दिसत नाही. तीन उडवलेस तरी हाती भोपळा. चौथ्यासमोर मात्र तेव्हा एकदम 100 जीबी उमटतील. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी आकडाच चुकला म्हणून बसलो होतो!

एकूण हिशेब हवा तर ‘झेडएफएस लिस्ट’ला ‘-ओ स्पेस’ जोडून ‘यूज्डस्नॅप’चा रकाना बघ. आणि ‘डिस्ट्रॉय’ला आधी ‘-एनव्ही’ लाव, सोमवार-गुरुवारची नावं मध्ये टक्क्याचं चिन्ह घालून एकत्र दे. काहीही न पुसता किती जागा सुटेल ते सांगतं. एकेक करून पुसत बसू नकोस. घाईत मी एकदा नेमका हवा तोच स्नॅपशॉट घालवला होता.

तो आकडा मला रात्री वाचून दाखव. तोवर कशालाच हात लावू नकोस.

तुझा,
मामा