मित्रमैत्रिणींसाठी चॉकलेट केक : थोडे विज्ञान, थोडे गणित आणि वाटणी

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, परीक्षा संपली की "काहीतरी मस्त करूया" अशी टूम निघते आणि बहुतेक वेळा मत पडते ते चॉकलेट केकला. आज हाच केक आपण धडा म्हणून घेऊ. ओव्हन लागणार नाही, अंडेही लागणार नाही. वरून मात्र चॉकलेटचा जाड थर असेल, त्यात कंजुषी नको!

पण मैदा चाळायच्या आधी एक कागद घ्या. त्यावर कोण कोण खाणार आहे त्यांची नावे लिहा आणि प्रत्येकाला विचारा, "तुला काय चालत नाही?" हे काम शेवटी करून उपयोग नाही. दहा जण केक खातायत आणि अकरावा रिकामी बशी धरून "मला भूक नाही" म्हणतोय, असे दृश्य तुम्हीही पाहिले असेल. बहुतेक वेळा त्याला भूक असते. केकमध्ये अंडे असते, किंवा त्याला सोसत नाही असे काहीतरी असते. म्हणून यादी आधी, साहित्य नंतर.

एखाद्याला दूध चालत नसेल तर काय? आपल्या केकच्या मिश्रणात दूध, लोणी काहीच नाही. वरच्या थरात क्रीम आहे. मग त्याच्या वाटणीचा तुकडा थर ओतण्याआधीच कापून बाजूला ठेवायचा, आणि त्यासाठी सुरी स्वच्छ हवी. शेंगदाणे किंवा काजू-बदामाची ॲलर्जी असेल तर चॉकलेटच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचा. त्यात सुक्यामेव्याचा अंश असू शकतो असे लिहिलेले असेल तर ते चॉकलेट घेऊ नका. गव्हाची ॲलर्जी असेल तर हा केक त्याच्यासाठी नाही, हे सरळ मान्य करा आणि त्याच्यासाठी वेगळे काहीतरी आणा. "थोडंसं खा, काही होत नाही" असा आग्रह ॲलर्जी असलेल्याला कधीही करायचा नाही.

वेष्टनावरचे चिन्हही पाहून ठेवा. चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. आपल्या देशाच्या नियमानुसार अंडे असलेला पदार्थ मांसाहारी चिन्हाखाली येतो, दूध असलेला शाकाहारीच राहतो.

आता साहित्य. मैदा १८० ग्रॅम, पिठीसाखर १८० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर २५ ग्रॅम, खाण्याचा सोडा १ सपाट छोटा चमचा (मापाचा, ५ मिलीचा), चिमूटभर मीठ. हे झाले कोरडे. ओले म्हणजे पाणी २४० मिली, तेल ८० मिली, व्हिनेगर १ मोठा चमचा (१५ मिली), व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा. व्हिनेगर कुणाला नको असेल तर तेवढाच लिंबाचा रस चालतो. भाजीत आपण अंदाजपंचे मीठ टाकतो आणि शेवटी चव घेऊन सुधारतो. केकमध्ये ती सोय नाही, कारण भांडे आत गेले की आपला हात बाहेर. म्हणून काटा नसेल तर निदान मापाचे कप-चमचे वापरा. वाटी घरोघरी वेगळी असते.

आधी चूल तयार करायची. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात वाटीभर मीठ पसरा, त्यावर जाळी किंवा स्टँड ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आचेवर १० मिनिटे तापू द्या. पुष्कळ घरी यासाठी कुकर वापरतात. तसे केले तर शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढलीच पाहिजेत, आत पाणी घालायचे नाही आणि मोठे माणूस शेजारी हवे. माझे मत विचाराल तर पातेलेच बरे. मीठ खालची उष्णता सावकाश सगळीकडे पसरवते, त्यामुळे केकचे बूड करपत नाही. ते मीठ गार झाल्यावर बरणीत भरून पुढच्या केकला वापरा.

७ इंची डब्याला तेल लावून, मैदा भुरभुरून ठेवा. कोरडे साहित्य दोनदा चाळा. ओले वेगळे एकत्र करा आणि मग कोरड्यात ओता. इथून पुढे गप्पा बंद! सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आम्लारीधर्मी. व्हिनेगर आम्ल. दोघांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटू लागतो आणि मिश्रणात बुडबुडे दिसतात. हाच वायू केक फुगवणार आहे. मिश्रण ओट्यावर तसेच ठेवून तुम्ही फोन बघत बसलात तर तो हवेत निघून जाईल. व्हिनेगरने सगळा सोडा संपत नाही. उरलेला उष्णतेने विघटित होतो आणि आतमध्ये आणखी वायू देतो. सोड्यामुळे कोकोचा रंगही गडद होतो. मात्र "जास्त फुगेल" म्हणून दोन चमचे सोडा टाकलात तर साबणासारखी चव येते.

फेटायचेही फार नाही. मैद्याला पाणी लागून तो घोटला गेला की त्यातले ग्लूटेन ताणले जाते. पोळीच्या कणकेला ते हवे असते, केकला नको. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबा.

डबा पातेल्यात ठेवा, आच मंद करा. साधारण ४० ते ४५ मिनिटे लागतात. पहिली २५ मिनिटे झाकण उघडायचे नाही. तोवर केकचा सांगाडा घट्ट झालेला नसतो, गार हवा शिरली की मधोमध खड्डा पडतो. नंतर विणायची सुई मध्यभागी खुपसून पाहा, कोरडी निघाली की झाले. १० मिनिटांनी डब्यातून काढा आणि पूर्ण गार होऊ द्या.

आता खरी मजा. १५० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. १५० मिली क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, चॉकलेटवर ओता, २ मिनिटे हात लावू नका, मग मधून बाहेर असे हलके ढवळा. यालाच गनाश म्हणतात. इथे एक गंमत आहे. नुसते चॉकलेट वितळवताना त्यात थेंबभर पाणी पडले तर ते गुठळ्या होऊन आखडते. क्रीममध्ये तर भरपूर पाणी असते, तरी काही होत नाही! थेंबभर पाण्याने साखरेचे आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटतात. पाणी पुरेसे असले की ते त्यात नीट सुटे होतात.

चॉकलेट घेताना घटक वाचा. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असते. ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते आणि आपले शरीर ३७ अंशांचे, म्हणून ते जिभेवर विरघळते. "कंपाउंड" असे लिहिलेल्यात त्याऐवजी दुसरे वनस्पती तेल असते. स्वस्त पडते, चालते, पण टाळूला मेणचट लागते. कोको बटर दाबून वेगळे काढायची पद्धत नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन यांच्या नावावर १८२८ सालापासून आहे. आपल्या डब्यातली कोको पावडर त्याच वाटेने आली. आणि कोकोची झाडे फक्त आफ्रिकेत असतात असे नाही हां. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत ती लावतात.

वाटणी १२ जणांत. आधी केकचे चार भाग, मग प्रत्येक चतुर्थांशाचे तीन. प्रत्येक तुकड्याचा कोन ३० अंश. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा. मध्यापासून असे कापले की वरचा थर आणि कडेवरून ओघळलेले चॉकलेट दोन्ही सर्वांना सारखे मिळते. उभ्या पट्ट्या कापल्या तर कडेच्या पट्टीवर चॉकलेट जास्त, आणि तिथेच भांडण.

स्वाध्याय :
१. पाहुणे वाढले म्हणून ७ इंचीऐवजी ९ इंची डबा घेतला. केकची जाडी तेवढीच हवी असेल तर साहित्य किती पट लागेल? (व्यासांचे नव्हे, वर्गांचे गुणोत्तर घ्या. उत्तर दीडपटीपेक्षा थोडे जास्त आले पाहिजे.)
२. १२ जणांपैकी दोघांना दूध चालत नाही. त्यांचे तुकडे आधी काढले, तर गनाश किती अंशांच्या केकवर पसरायचे आहे? १५० ग्रॅमऐवजी किती चॉकलेट पुरेल?