एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही

गाडीचा एसी गरम हवा फेकतोय म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "गॅस संपलाय सर, भरून देतो." नागपुरात एप्रिल लागला की हे वाक्य रसवंत्यांसारखं चौकाचौकात भेटतं. आता मी उलट एकच विचारतो, गेला कुठे? एसीचं चक्र बंद असतं. तोच गॅस कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो. रबरी नळ्यांतून, सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे कबूल. पण मार्चमध्ये भरलेला गॅस मेमध्ये 'संपला', तर तो संपला नाही, गळला. नाहीतर कमी झालाच नव्हता.

माझ्या बाबतीत दुसरं खरं निघालं. तक्रार मी पहिल्याच दिवशी सांगितली होती: वर्धा रोडवर गाडी पळत असली की गार, सिग्नलला थांबली की गरम. जॉबकार्डावर तसं लिहूनही घेतलं होतं. तो कागद अजून माझ्याजवळ आहे, आणि तो जपून ठेवला याचा मला आनंद आहे. कारण सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर साहेबांनी टॅबवरून मान वर न करता गॅस भरायला लावला. पुन्हा गेलो, पुन्हा भरला. मग म्हणाले, "कॉम्प्रेसर वीक आहे सर, अठ्ठावीस हजार धरून चाला." कशावरून, असं विचारलं तर, "सर, पंचेचाळीस डिग्रीत सगळ्यांचंच असं होतं." सगळ्यांचं होतं तर मग माझाच कॉम्प्रेसर का बदलायचा?

छडा लावला तो बुटीबोरीजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं. गेज नाही, लॅपटॉप नाही. बोनेट उघडलं, मला इंजिन आणि एसी चालू ठेवायला सांगितलं, आणि नुसता वाकून बघत राहिला. कॉम्प्रेसरचा क्लच 'टक' करून बसला. त्यानं बोट दाखवलं. "फॅनच नाही फिरून राहिला ना भाऊ." माझ्या गाडीत दोन पंखे आहेत, एक रेडिएटरचा, एक कंडेन्सरचा. रेडिएटरचा ठीक, म्हणून इंजिनाचा काटा कधी चढला नाही. कंडेन्सरचा मेलेला. त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मोटरच्या पाठीवर हलकं ठोकलं, पंखा एकदा अडखळला आणि फिरायला लागला. मी आत बसलो होतो. दोनेक मिनिटांत तोंडावर गार वारा. तेव्हा जो संताप आला तो पैशांचा नव्हता. गाडी पळताना समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो, थांबली की ते काम पंख्याचं. म्हणजे निदान मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं आणि समोरच्यानं ते नुसतं टाइप केलं होतं! मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते. नवी मोटर चोवीसशेला पडली.

वर आणखी एक भानगड निघाली. एसीचंच काम करणाऱ्या दुकानात मशीननं गॅस काढून वजन केलं. बोनेटखालच्या स्टिकरवर ३८० ग्रॅम, निघाला ५६०. जास्त गॅसनं दाब वाढतो, थंडावा उलट कमी होतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो तो वेगळाच. म्हणजे अठ्ठावीस हजारांची सोय ते अ‍ॅडव्हायझर साहेबच करत होते.

तर, गॅरेजला जाण्याआधी बोनेट उघडून बघा. एसी लावल्यावर क्लचचा आवाज येतो का, पंखा फिरतो का. हात लांब ठेवा, पंखा अचानक सुरू होतो. क्लच बसतच नसेल तर फ्यूज आणि रिले आधी. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच जातीचा असतो, नंबर जुळत असेल तर इंजिन बंद करून अदलाबदल करून पाहता येते. हवा गार पण मंद येत असेल तर केबिन फिल्टर धुळीनं भरला असणार. एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला गरम असेल तर आतल्या झडपेची मोटर, किंवा गॅस खरंच कमी.

गेज लावलं तर दोन्ही काटे स्वतः पाहा, निळा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या. दोन्ही खाली, तर गॅस कमी. दोन्ही चढे, तर पंखा, चोंदलेला कंडेन्सर किंवा जास्तीचा गॅस. निळा चढा आणि लाल पडलेला असेल तरच कॉम्प्रेसरवर संशय घ्या. गळती असेल तर ती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नका: नायट्रोजनचा दाब, साबणाचं पाणी, नळ्यांच्या जोडावर तेलकट डाग. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम निदान वीस-पंचवीस मिनिटं, आणि तो टिकतो का हे बघायचं. घाई करणाऱ्याला घाई करू द्या, तुम्ही तिथेच उभे राहा. सावलीत गाडी लावा, काच खाली करून आधी गरम हवा जाऊ द्या, हे सगळे सांगतातच.

आणि बिलावर 'गॅस टॉपअप' असं मोघम चालवून घेऊ नका, किती ग्रॅम ते लिहून मागा. मी जॉबकार्ड आणि जुनी मोटर घेऊन परत गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "आमच्याकडे आली तेव्हा फॅन चालू असणार सर." पैसे परत मिळाले नाहीत. एक फुकट वॉशिंगचं कूपन दिलं, तेही सोमवार ते शुक्रवारच चालणारं.