घाटातली ओकारी आणि सकाळची कॅप्सूल

परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालेली एसटी घाटाला लागली की खिडकीजवळच्या जागेचा भाव वाढतो. काही प्रवाशांनी मेडिकलमधून आधीच ‘उलटीची गोळी’ घेतलेली असते, तरी वळणं सुरू होताच ओकारी येतेच. गोळी खोटी नसते. ती या उलटीची नसते, एवढंच.

अनेकदा ती गोळी डॉमपेरिडोनची असते. बेल्जियमच्या यान्सेन कंपनीनं १९७४ मध्ये शोधलेलं हे औषध डोपामिन या रसायनाची वाट अडवतं. त्यामुळे जठर अन्न नेटानं पुढे ढकलतं आणि मळमळीचा इशाराही दबतो. गाडी लागते ती मात्र कान आणि डोळे यांचा मेळ बसत नाही म्हणून, आणि तिथे डोपामिनचा फारसा संबंध नाही. त्यासाठी प्रोमेथाझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून प्रवासाआधी घ्यावी लागते. तिनं झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

घाट तरी कधीमधी लागतो. खरी काळजी रोज सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलची आहे. ठेच्यासोबत भाकर खाल्ली, छाती जळजळली, कुणीतरी पँटोप्राझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल दिली; मग तीच चिठ्ठी वर्षभर चालते. त्यातलं आम्ल कमी करणारं औषध काही जणांना दीर्घकाळ लागू शकतं. डॉमपेरिडोनचं तसं नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घातली: मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, तेही साधारण आठवडाभरच. कारण हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका. साठीपुढच्या माणसांत तो वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल सोबत घेतल्यास आणखी वाढतो. जठराला गती देणाऱ्या सिसाप्राइडवर याच कारणानं भारतात २०११ मध्ये बंदी आली.

जठराला गती देणाऱ्याच लेव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रमाइड यांची तऱ्हा वेगळी. ही औषधं मेंदूत शिरतात. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरू लागला, चाल मंदावली, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी घरातल्यांनी गोळ्यांचा डबा डॉक्टरांना दाखवावा. डॉमपेरिडोन धरून या तिन्ही औषधांनी पाळी चुकणं किंवा अंगावर दूध येणंही घडू शकतं.

मग ही औषधं लागतात कुणाला? जुन्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात. दोन घास खाल्ले तरी पोट गच्च वाटतं आणि सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडतं. अशांना ती तपासणी करून, ईसीजी काढून दिली जातात. जेवण थोडं-थोडं, कमी तेलाचं असावं. संत्र्यांच्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण अशा जठरात संत्र्याचा चोथा साचून गोळाही होऊ शकतो.

बारा वर्षांखालच्या लेकराला उलट्या होत असतील तर डॉमपेरिडोन शोधत बसू नये. ओआरएस चमच्या-चमच्यानं पाजावं. लघवी कमी झाली किंवा लेकरू सुस्तावलं तर थेट दवाखाना गाठावा.

आणि छातीत दाब, घाम व मळमळ एकत्र आली तर तो ‘गॅस’ समजून कॅप्सूल घेऊ नये. आधी ईसीजी काढावा.