कोरियन शिकताय? पैसे कशाला मोजावेत, कशाला नाही

कोरियन शिकवणीची जाहिरात हाती आली की नजर आधी फीवर जाते. त्या पैशांत नेमके काय मिळणार, हे विचारायचे राहूनच जाते. म्हणून एकच धडा घेऊन हिशेब मांडू: चालू क्रिया सांगणारा, म्हणजे अपूर्ण काळाचा.

नियम : शून्य रुपये
धातूला ‘-गो’ जोडायचा आणि पुढे ‘इस्सॉयो’ म्हणायचे. ‘कागो इस्सॉयो’ म्हणजे जात आहे, ‘मॉक्को इस्सॉयो’ म्हणजे खात आहे. आधी क्रिया, मग ‘आहे’, हा क्रम मराठीचाच. ‘बसत आहे’ आणि ‘बसला आहे’ यांतला फरकही आपल्या कानाला ठाऊक आहे. बसलेल्या माणसासाठी कोरियन लोक ‘आन्जा इस्सॉयो’ म्हणतात. एवढ्यासाठी फी भरू नका. दक्षिण कोरियाच्या सरकारी पाठबळावर चालणाऱ्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे प्राथमिक ऑनलाइन धडे विनामूल्य आहेत. हंगुल लिपीची मूळ अक्षरे अवघी 24. एक वही पुरते. ही अक्षरे आधी गिरवा, देवनागरीतल्या उच्चारांवर विसंबू नका.

चुका सुधारणारा शिक्षक : इथे पैसे मोजा
मराठीची सवय जिथे फसवते, तिथे शिक्षक लागतो.
- ‘उद्या पुण्याला जातोय’ हे मराठीत चालते. कोरियनमध्ये इथे ‘कागो इस्सॉयो’ चुकते. साधे ‘कायो’ म्हणायचे.
- ‘शर्ट घातला आहे’ यासाठी मात्र ‘इप्को इस्सॉयो’, म्हणजे ‘-गो’चेच रूप लागते.
- आजी टीव्ही पाहत असतील, तर ‘इस्सॉयो’ऐवजी आदरार्थी ‘ग्येसेयो’ हवे.
- ‘आता जेवतोय’ यासाठी नुसते ‘मॉगॉयो’ही पुरते, दर वाक्याला ‘-गो’ लावायची गरज नाही.

फी अशी तपासा
एकूण फीला तासांनी भागा. समजा, 40 तासांचे 12,000 रुपये मागितले, तर तासाला 300 रुपये पडले. आता विद्यार्थी मोजा. वर्गात 20 जण असतील आणि पूर्ण तास फक्त बोलण्याचा सराव झाला, तरी तुमच्या वाट्याला तीनच मिनिटे येतात. सहा जण असतील तर दहा. भरण्याआधी विचारा: एक तास बसून पाहता येईल का? वही कोण तपासते? पुस्तके फीत धरली आहेत का? मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल? उत्तरे लेखी घ्या, पावती जपा. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

परीक्षेची घाई नको
टोपिक-1 ही कोरियन भाषेची प्राथमिक परीक्षा 200 गुणांची. 80 गुणांना पहिली पातळी, 140 गुणांना दुसरी. तीत फक्त ऐकणे आणि वाचणे तपासतात, बोलणे नाही. निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो. प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी प्रमाणपत्र लागणार असेल, तेव्हाच शुल्क भरा.

पहिला महिना फुकट साधनांवर काढा आणि रोज पाच वाक्ये लिहा. ती वही घेऊनच शिकवणीच्या दारात जा. जो शिक्षक त्यातल्या चुका दाखवून कारण समजावेल, त्यालाच फी द्या.