तीसचे वीस कसे होतात?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या करारातून ती एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जायचं म्हणते. तिथे ३० क्रेडिट मिळतील, पण इथे त्याचे २०च धरले जातील म्हणे. मग उरलेले १० जातात कुठे? डॉलर-युरोसारखा क्रेडिटलाही भाव असतो का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, दहा कुठेही जात नाहीत. सांगली ते मिरज अंतर मैलात मोजा नाहीतर किलोमीटरमध्ये, एसटी तेवढाच वेळ घेते. पण भावाचं म्हणाल, तर तुमचा नेम अगदीच चुकलेला नाही. क्रेडिटचा जन्मच मुळी पैशातून झाला, आणि तोही म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनमधून.

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर काढून दिले. पैसे आले, पण द्यायचे कुणाला? तेव्हाच्या अमेरिकेत हायस्कूल कुठे संपतं आणि कॉलेज कुठे सुरू होतं, याचा कुणाचा कुणाला मेळ नव्हता. पाटी लावली की कॉलेज. म्हणून कार्नेगी फाउंडेशनने अट घातली : प्रवेश देताना विद्यार्थ्याकडून हायस्कूलची १४ ‘युनिट’ मागेल, तेच कॉलेज पेन्शनला पात्र. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात साधारण १२० तास. कॉलेजांनी अट मुकाट्याने मानली. पेन्शन कुणाला नको असते? पुढे कॉलेजातलं शिकवणंही तासांवर मोजलं जाऊ लागलं. आठवड्याला एक तास, असं सेमिस्टरभर, की झालं एक क्रेडिट. पोरगं शिकलं किती, हा सवाल या हिशेबात नव्हताच. ते वर्गात बसलं किती, एवढंच.

आपलं क्रेडिट याच घराण्यातलं. लेक्चर असेल तर आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकल असेल तर दोन, असे १५ आठवडे. युरोपने मात्र १९८९ पासून वेगळं माप आणलं. एरास्मस योजनेतून मुलं एकमेकांच्या देशात शिकायला जाऊ लागली होती, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्याचे सगळे कष्ट मोजायचं ठरवलं. लेक्चर, लायब्ररी, रात्री जागून लिहिलेला रिपोर्ट, परीक्षेआधीची घोकंपट्टी, सगळं धरून २५ ते ३० तासांचं एक क्रेडिट. जर्मनीत सहसा ३०. म्हणजे तुमच्या मुलीच्या ३० क्रेडिटचे झाले ९०० तास.

तेव्हा क्रेडिटला क्रेडिट लावू नका, वर्षाला वर्ष लावा. युरोपात वर्षाचे ६०, आपल्याकडे ४०च्या आसपास, अमेरिकेत ३० आणि इंग्लंडमध्ये चक्क १२०. राबायचं सगळीकडे वर्षभरच. साठाला चाळीस, तर तिसाला वीस. कॉलेजचा हिशेब चोख आहे.

मार्कांचंही तसंच. जर्मनीत १.० म्हणजे उत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. मुलीने फोनवर ‘१.७ मिळाले’ म्हटलं तर काळजात धस्स होऊ देऊ नका, पेढे वाटा. जर्मन विद्यापीठं परदेशी मार्क स्वतःच्या मापात बसवायला जे सूत्र वापरतात, ते उलटं फिरवलं तर हे १.७ आपल्या दहाच्या मापात, चारला पास धरून, ८.६ होतात. मात्र तुमचं कॉलेज हेच सूत्र वापरेल असं नाही. काही कॉलेजं नुसतं ‘उत्तीर्ण’ लिहितात आणि सीजीपीएत ते सेमिस्टर धरतच नाहीत. हे आधी विचारा.

इथपर्यंत सगळं त्रैराशिकाने सुटतं. पुढचं सुटत नाही, कारण कॉलेज आकडा नाही, विषय पाहतं. माझ्या ओळखीतला एक मुलगा तिकडून अपारंपरिक ऊर्जेचा सुरेख कोर्स करून आला. इथल्या तक्त्यात त्या जागी ‘पॉवर सिस्टिम्स’ होतं. विभागप्रमुखांनी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवले, तीन युनिट जुळेनात. पोराने परत येऊन तो पेपर दिला, तोही ज्युनिअर मुलांच्या रांगेत बसून. मला विचाराल तर चूक विभागप्रमुखांची नव्हती. कोर्स निवडताना मुलाने त्यांना विचारलंच नव्हतं.

यासाठीच ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ नावाचा कागद असतो. एका बाजूला तिकडचे विषय, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बदल्यात इथले कोणते माफ होणार ते, आणि खाली तीन सह्या : मुलीची, इथल्या कॉलेजची, तिथल्या विद्यापीठाची. तिथे पोचल्यावर एखादा कोर्स भरलेला निघतो, एखादा नेमका जर्मनमधून शिकवतात. मग बदल करावा लागतो. त्या बदलावरही पुन्हा सह्या हव्यात, आणि मुलं नेमकी इथेच ‘नंतर बघू’ म्हणतात.

आणखी एक पाहा, तारखा. जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं, लेक्चरं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतरही लांबतात. आपल्याकडे जानेवारीत पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. हजेरीची सवलत लेखी घ्या. ‘बघू, ॲडजस्ट करू’ म्हणणारे सर तोवर दुसऱ्या कॉलेजात गेलेले असू शकतात.

राहिली ती विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवायला आपल्याकडे २०२१ मध्ये सुरू झालेली ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. नाव बँकेचं असलं तरी तिथे स्लिप भरून आपण आपले क्रेडिट जमा करू शकत नाही, ते संस्थाच करते. म्हणजे फिरून कॉलेजच्याच दारात.

तेव्हा ताई, मुलीला आजच सांगा : निवडलेल्या प्रत्येक कोर्सचा सविस्तर अभ्यासक्रम त्या विद्यापीठाकडून मागवून घे, प्रिंट काढ आणि विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेव. त्यांची सही झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.